कुकी डो (कच्चा खाण्याचा)

लोणी, साखर व पीठ फेटून केलेला कुकीचा मऊ गोळा ओव्हनमध्ये न घालता तसाच खाता यावा, म्हणून मुद्दाम बनविलेला गोड पदार्थ. नेहमीच्या कुकी डोमध्ये कच्चे पीठ आणि बहुधा कच्चे अंडे असते. या प्रकारात अंडे वगळतात व पीठ आधी भाजून घेतात. सोडा किंवा बेकिंग पावडरही घालत नाहीत, कारण काही फुगवायचे नसते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांतील घरांतून तो मुख्यतः हौसेखातर केला जातो.

उगम : चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी अमेरिकेतील मॅसॅच्यूसेट्स राज्यात, व्हिटमन येथील टोल हाऊस इन या खाणावळीत रूथ वेकफील्ड यांनी प्रथम केली, असे सर्वसाधारणपणे मानतात. तिचा काळ 1930 ते 1940 या दशकातील, बहुधा 1938 च्या सुमाराचा. कच्चा डो स्वतंत्र पदार्थ म्हणून पुढे आला तो आइस्क्रीममधून. बेन अँड जेरीज या कंपनीने 1984 मध्ये व्हर्माँटमधील बर्लिंग्टन येथील आपल्या दुकानात तो आइस्क्रीममध्ये घातला आणि 1991 पासून डब्यांतून विक्रीस आणला.

मराठवाड्यातील त्याचा जवळचा आप्त म्हणजे नानकटाईचे मिश्रण. दिवाळीआधी तूप, पिठीसाखर, मैदा व रवा घेऊन बेकरीत जायचे आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणायची, ही रीत येथील अनेक गावांत होती. फेटलेले मिश्रण भट्टीत जाण्याआधीच पोरांच्या बोटांना लागत असे, हे वेगळे सांगायला नको. खुद्द नानकटाईचा उगम वादग्रस्त आहे. सुरतेतील डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या पारशी बेकरीतून ती निघाली, असे एक मत आहे. दुसरे मत तिचा संबंध इराणी भटारखान्याशी जोडते. पहिले मत अधिक प्रचलित आहे, पण त्याचा आधार प्रामुख्याने त्या बेकरीवाल्यांच्या कौटुंबिक परंपरेचा आहे. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील बेकरीवर हैदराबादी वळणाची छाप पडली असणे संभवते. शिजवावे न लागणारे पीठ मात्र या भागाला नवे नाही. भाजलेल्या गव्हाचे व डाळव्याचे (फुटाण्याच्या डाळीचे) सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवून उन्हाळ्यात खातात. ज्वारीच्या लाह्यांचे पीठही तसेच.

धोका कशात : समजूत अशी की भीती अंड्याची. अंड्यातून साल्मोनेला जिवाणू येऊ शकतात हे खरेच, पण अंडे काढून टाकले म्हणजे प्रश्न मिटत नाही. गहू शेतात, खळ्यावर, पोत्यात असताना जनावरांच्या व पाखरांच्या विष्ठेशी त्याचा संपर्क येऊ शकतो आणि दळण्याने जिवाणू मरत नाहीत. 2009 मध्ये अमेरिकेत तयार कुकी डोमधून ई. कोलाय ओ157 या घातक जिवाणूची साथ 30 राज्यांत पसरली व 77 रुग्ण नोंदले गेले. तपासात संशयाची सुई पिठाकडे वळली, पण निर्णायक पुरावा मिळाला नाही. 2016 मधील साथीत मात्र पीठच कारण असल्याचे स्पष्ट झाले.

यावर पाककृतींतून सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे मैदा ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये 71 ते 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापविणे. अन्नसुरक्षेचे अभ्यासक तो पुरेसा मानत नाहीत. हे तापमान अंडी, कोंबडी अशा ओलसर पदार्थांसाठी ठरविलेले आहे. कोरड्या पिठात पाणी इतके कमी असते की तेच जिवाणू कितीतरी पटींनी अधिक उष्णता सोसतात. ओल्या पदार्थात जे काही सेकंदांत होते, त्याला पिठात बरीच मिनिटे लागू शकतात. शिवाय ताटलीतले पीठ कडेला करपते आणि मध्ये कोमट राहते. म्हणूनच अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन घरी पीठ तापवून ते सुरक्षित झाले असे समजू नये, असे सांगते. कारखान्यात उष्णताप्रक्रिया केलेले पीठ हा पर्याय आहे. पण तसे स्पष्ट छापलेले पाकीट आपल्याकडच्या किराणा दुकानात सहसा दिसत नाही.

येथे धान्याची निवड व कामाचा क्रम यांना महत्त्व येते. आधी दळून मग तापविण्यापेक्षा आधी भाजून मग दळणे अधिक भरवशाचे दिसते. डाळवे हरभरा भिजवून तापल्या वाळूत फोडून केलेले असते. ज्वारीची लाही फुटते ती दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन, म्हणजे दाण्याला आतून ओली उष्णता मिळते. ही दोन्ही पिठे मैद्याहून बरी. तरी दळण गिरणीत टाकले तर कच्च्या गव्हावर भाजके धान्य दळले जाते आणि केलेले सारे वाया जाते. ते घरी कोरड्या मिक्सरमध्ये दळावे, त्याआधी डाळवे वा लाह्या कढईत पुन्हा खमंग परताव्यात. तुपात मंद आचेवर भाजलेले बेसनही चालते. त्याला वास सुटेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊन बराच वेळ टिकलेले असते. कच्च्या मैद्याचा डो मात्र कोणीही खाऊ नये; गर्भवती, लहान मुले व आजारी माणसे यांनी तर तो कटाक्षाने टाळावा.

कृती व स्वाद : एक वाटी पिठाला अर्धी वाटी लोणी (उकळलेल्या दुधाच्या सायीचे), अर्धी वाटी पिठीसाखर किंवा किसलेला गूळ, चिमूटभर मीठ व लागेल तसे उकळून गार केलेले दूध. लोणी-साखर फेसाळेपर्यंत फेटून पीठ शेवटी घालतात. ज्वारीच्या पिठाचा डो रवाळ होतो. थोडे डाळव्याचे पीठ मिसळल्यास तो बांधून राहतो. वेलची-जायफळ, कोको, भाजलेले तीळ हे सोपे स्वाद. गूळ-शेंगदाण्याचा स्वाद या भागाच्या जिभेला सर्वांत जवळचा; मात्र काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून काढावेत, कारण बुरशीतून आलेले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याने पुरते जात नाही. भूम-कुंथलगिरीकडचा खवा घालायचा तर पुन्हा परतून गार करून घालावा. जालन्याच्या मोसंबीची किसलेली साल (धुऊन घेतलेली) चांगला गंध देते. बीडच्या सीताफळाचा किंवा केशर आंब्याचा ताजा गर ओलावा वाढवतो. असा डो त्याच दिवशी संपवावा.

साठवण : डो फ्रिजमध्ये 4 अंश किंवा त्याहून कमी तापमानात झाकून ठेवतात व दोन-तीन दिवसांत संपवतात. बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा 32 अंशांच्या वर असल्यास एकच तास. मराठवाड्यात मार्च ते जून हाच दुसरा नियम लागू धरावा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रिजमधल्या डोलाही.