मेंदू वाट का पाहत राहतो?

जोडीदार गेल्यानंतरच्या महिन्यांत अनेकांना फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते, खोकला ऐकू येतो, पलंगाच्या त्या बाजूला कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. मग पहिली भीती हीच, की आपल्याला वेड तर लागत नाही ना! वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना असे भास झाले होते आणि बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितले नव्हते. भास आजाराचे नव्हते, सवयीचे होते.

मेंदू समोरचं जग नुसतं पाहत नाही, पुढे काय होणार याचा अंदाज सतत बांधत असतो. वीज गेलेली ठाऊक असूनही अंधाऱ्या खोलीत शिरताना हात बटणाकडे जातोच, तसंच हे. ‘माणूस गेलं’ ही माहिती एका क्षणात कळते. पण सात वाजता तो येणार, दोन कप चहा टाकायचा, दुखलं-खुपलं तर त्यालाच सांगायचं, हे हजारो अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावातून पक्के झालेले असतात. ते एका बातमीने पुसले जात नाहीत. प्रत्येक अंदाज त्याच्या त्याच्या जागी, त्याच्या त्याच्या वेळी चुकावा लागतो. म्हणून चौथ्या महिन्यात सावरलेलं माणूस पहिल्या दिवाळीला पुन्हा कोसळतं. ती पीछेहाट नसते. दिवाळीचा अंदाज तोवर एकदाही चुकलेला नसतो, इतकंच.

याचं पेशींच्या पातळीवरचं उदाहरण नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेत सापडलं. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या मेंदूशास्त्रज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांच्या पेटीत एक वस्तू ठेवली, उंदीर तिला सरावले आणि मग ती उचलून घेतली. त्यानंतर कित्येक दिवस उंदीर नेमका त्या रिकाम्या जागी पोचला, की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी पेटत राहिल्या. वस्तूच्या नसण्याचीसुद्धा मेंदूत नोंद होते, आणि ती ठिकाणाशी बांधलेली असते. माणसातल्या विरहाचा हा थेट पुरावा नव्हे, पण रिकामी खुर्ची नुसती ‘रिकामी’ का वाटत नाही, हे त्यावरून समजायला सोपं जातं.

हुरहूर मात्र आठवणीपेक्षा वेगळी, आणि तिची जागाही वेगळी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओ’कॉनर यांनी २००८ मध्ये २३ स्त्रियांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. प्रत्येकीची आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवल्यावर वेदनेशी संबंधित भाग सगळ्यांचेच जागे झाले. पण ज्यांचं दुःख चिघळलं होतं त्यांच्यात न्यूक्लियस अकम्बन्स हा भागही जागा झाला, आणि ओढ जितकी तीव्र तितकी त्याची हालचाल जास्त. हा भाग वेदनेचा नाही, हवंहवंसं वाटण्याचा आहे. भुकेल्याला अन्न दिसल्यावरही तोच कामाला लागतो. विरहात माणूस फोटो पुन्हा पुन्हा का काढतो, जुने व्हॉइस मेसेज रात्री दोनला का ऐकतो, याचं उत्तर इथे आहे.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळावरचा प्रेअरी वोल हा उंदरासारखा प्राणी जन्माची जोडी जमवतो, म्हणून या विषयात त्याला फार मोल. ऑलिव्हर बॉश आणि लॅरी यंग यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, की मादीपासून तोडलेला नर पाण्यात टाकल्यावर हातपाय मारेनासा होतो, नुसता तरंगत राहतो. भावापासून तोडला तर तसं होत नाही. यातली खरी गंमत पुढे आहे. ताणाचा इशारा देणारं सीआरएफ हे रसायन बनवण्याची मेंदूतली तयारी जोडी तुटल्यावर नव्हे, जोडी जमतानाच वाढलेली होती. म्हणजे विरहाची घंटा लग्नाच्या मांडवातच बांधली जाते, वाजते नंतर.

कोलोरॅडोतल्या झोई डोनाल्डसन यांच्या गटाने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. जोडीदाराकडे जाताना वोलच्या अकम्बन्समध्ये अनोळखी प्राण्याकडे जाताना सुटतं त्यापेक्षा जास्त डोपामिन, म्हणजे ओढीशी जोडलेलं रसायन, सुटतं. चार आठवडे ताटातूट झाल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. जोडीदाराची ओळख मात्र विसरली गेली नव्हती. आठवण राहते, ओढ ओसरते. वोलच्या चार आठवड्यांवरून माणसाचे महिने मोजायला जाऊ नका.

शरीराकडे मात्र पहिल्याच दिवसापासून लक्ष हवं. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट होतो, असं २०१२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. मुळात धोका कमी असलेल्या निरोगी माणसाला घाबरायचं कारण नाही. पण घरात रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणारं कुणी असेल, तर पाहुण्यांच्या गर्दीत आणि अंत्यविधीच्या धावपळीत त्या गोळ्या हमखास राहतात. कुणातरी एकाने ते काम अंगावर घ्यावं. छातीत दुखलं तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून सोडून देऊ नये.

बाकी चूक होते ती दोन टोकांना. एक, सगळं टाळणं: खोली बंद, तो रस्ता बंद, नाव काढायचं नाही. मग अंदाज चुकायला वावच मिळत नाही आणि मेंदू जुन्याच हिशेबावर चालत राहतो. दुसरं, दिवसभर त्यातच राहणं. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारी माणसं दोन्हींत ये-जा करतात: थोडा वेळ दुःखात, थोडा वेळ वीजबिल आणि मुलांच्या परीक्षेत. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात कुणी खळखळून हसलं, तर ‘हिला काहीच वाटत नाही’ असा अर्थ शेजाऱ्यांनी काढू नये.

बेपत्ता माणसाच्या घरी हे सगळं अडून बसतं. अंदाज खोटा ठरल्याचा पुरावाच नसतो, त्यामुळे तिथे काळ हे औषध चालत नाही.

वर्ष उलटूनही रोजची तीव्र ओढ कायम असेल, कामधंदा आणि नाती ठप्प असतील, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तो २०२२ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सहा महिन्यांची आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी यासाठी १६ सत्रांचा उपचार बसवला आहे. त्यात मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग रुग्ण डोळे मिटून सांगतो, त्याचं ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकतो, टाळलेल्या जागी पायरीपायरीने जातो, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलतोही. २०१६ मध्ये ३९५ जणांवर झालेल्या चाचणीत या उपचाराला सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी जोडून पाहिली. नैराश्याची लक्षणं तिने आणखी कमी झाली, शोकाच्या बाबतीत मात्र गोळीची वेगळी भर पडली नाही. आपल्याकडे अशा माणसाला बहुतेक वेळा मिळते ती नुसती झोपेची गोळी. बोलण्याचा उपचार कुठे मिळेल, हे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही विचारता येतं.