पर्यावरणशास्त्राची आंतरविद्याशाखीय पदवी

पर्यावरणाचे प्रश्न एकाच विषयाच्या चौकटीत न बसवता रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र, भूगोल, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असं सगळं एकत्र घेऊन शिकवणारी विद्यापीठाची पदवी म्हणजे ही. बीएस्सी असते, दोन वर्षांची एमएस्सी असते, काही ठिकाणी बीए किंवा एमए पण असतं. नावात 'पर्यावरणशास्त्र' असेल तर साधारण प्रयोगशाळा जास्त आणि 'पर्यावरण अभ्यास' असेल तर धोरण, समाज, इतिहास जास्त, पण ही रेघ काही पक्की नाही, सिलॅबस उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आंतरविद्याशाखीय हा शब्द जड आहे, अर्थ मात्र साधा आहे. केमिस्ट्रीच्या डिग्रीत आधी केमिस्ट्री शिकायची आणि मग ती कुठं कामाला येते ते बघायचं. इथं उलटं, आधी समोर हिरवं पडलेलं धरण असतं आणि ते समजून घ्यायला जे जे लागेल ते शिकत जायचं. पाच विषयांचे पाच सर येऊन आपापला धडा शिकवून गेले तर तो झाला बहुविद्याशाखीय कोर्स, त्यात जोडणी करायचं काम एकट्या पोराच्या डोक्यावर पडतं. पाण्याच्या एकाच बाटलीवर केमिस्ट्रीच्या मॅडम आणि समाजशास्त्राचे सर एकमेकांशी बोलायला लागले की तो खरा आंतरविद्याशाखीय, आणि हे बोलणं घडवून आणणं हीच या पदवीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं.

उजनीच्या पाण्याचं उदाहरण

सोलापूरकराला हे समजवायला उजनी पुरेशी आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते, वाटेत तिला इंद्रायणी मिळते, मुळा-मुठा मिळते, आणि या नद्यांबरोबर पुणे-पिंपरी चिंचवडकडचं सांडपाणी पण येतं, त्यातलं बरंचसं नीट प्रक्रिया न होताच. हे सगळं येऊन थांबतं माढा तालुक्यातल्या उजनी धरणात. धरण १९८० साली पूर्ण झालं, साठा साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास मृत साठा. म्हणून तर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य आपल्याकडं पोरासोरांना पण कळतं. पाणी मायनसमध्ये जातं तेव्हा संपलेलं नसतं, कालव्यात आपोआप जाण्याच्या पातळीच्या खाली गेलेलं असतं, आणि सोलापूर शहर त्यातूनच पाणी उचलत राहतं.

आता या पाण्याचा एक नमुना घेतला तर काय काय करावं लागतं ते बघा. काठावरच ३०० मिलीची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकायचं, ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. लॅबमध्ये आल्यावर ॲसिड टाकून साका विरघळवायचा, थायोसल्फेटनं टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग गेला की आकडा लिहायचा. हा झाला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते मोजायला, दुसरी बाटली आपल्याकडं २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, बाहेरच्या पुस्तकांत २० अंशाला ५ दिवस असं असतं, आणि बरीच पोरं परीक्षेत इथंच गोंधळतात.

आकडा आला, पण आकड्यानं काय कळलं? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजते, दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं, त्यामुळं दुपारी २ चा नमुना आणि पहाटेचा नमुना दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे जीवशास्त्रवाल्यानं सांगितलं नाही तर केमिस्ट्रीवाला दुपारचा आकडा बघून पाणी बरं आहे म्हणून मोकळा होईल. मग येतो भूगोल, पाणी घाण करणारं शहर एका जिल्ह्यात आणि ते पिणारं शहर दुसऱ्या. कायदा येतो, १९७४ चा जल प्रदूषण कायदा काय म्हणतो आणि शहराच्या सांडपाण्याला कोण जबाबदार. इंजिनिअरिंग येतं, एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प किती क्षमतेचे हवेत आणि ते चोवीस तास चालवायला वीजबिल कोण भरणार. यातला प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर असतो आणि एकट्याचं उत्तर अर्धंच असतं.

अजून एक. उजनीचं पाणी शहराला पोचवायचे मार्ग दोन, एक उजनीहून शंभरेक किलोमीटरची पाइपलाइन आणि दुसरा म्हणजे धरणातून नदीत पाणी सोडून टाकळीच्या बंधाऱ्यापाशी उचलायचं. नदीतून येताना किती मुरतं, किती उन्हानं उडतं, किती मोटारींनी उपसलं जातं हा हिशोब घालायचा म्हटलं तर भूजल, हवामान आणि शेतकऱ्याचं गणित तिन्ही लागतात. वर्गात हा एवढा एकच प्रश्न सेमिस्टरभर पुरतो, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरातून आलेल्या पोरांना तो शिकवताना वेगळी गोडी लावावी लागत नाही.

ऊस, माळढोक आणि माग

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि साखर कारखाने तीसच्या वर. बाहेरून आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतो की दुष्काळी भागात ऊस लावतातच कशाला, शेतकऱ्याला कळत नाही का. शेतकऱ्याला सगळं कळतं. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, गारपीट झाली तरी सगळंच जात नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी कमी ओलीवर येते, चव तर विचारू नका, पण तिला असा आधार नाही. हे समजल्यावरच पाण्याचा प्रश्न बाजाराचा पण आहे हे डोक्यात शिरतं, आणि माझ्या मते नुसती बाटली तपासणारा आणि पर्यावरणशास्त्र शिकलेला यांच्यातला फरक इथं दिसतो.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण पण असंच. १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य झालं, क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावंच्या गावं, शेती, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या, लोक वैतागले, पक्ष्यावरच राग निघायला लागला, शेवटी सीमा आवळून १२२२ चौरस किलोमीटर केल्या. दरम्यान माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला. मादी जमिनीवर साधारण एकच अंडं घालते, समोरचं नीट दिसत नसल्यानं पक्षी विजेच्या तारांना धडकतात, आणि मोकळं गवत हेच त्याचं घर. त्या गवतात आपण गिरीपुष्प लावून 'हिरवळ' केली. झाड लावणं चांगलंच असतं ही शाळेपासूनची समजूत नान्नजच्या माळावर उभं राहिलं की मोडते, माळरान म्हणजे पडीक जमीन नाही, तिथं काळवीट, लांडगा, खोकड सगळे राहतात. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं आणि त्याचं वाईट वाटतं.

शहरात म्हणाल तर चादरी-टॉवेलचे पॉवरलूम, रंगाईचं पाणी, आवाज, आणि घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारी तंबाखूची धूळ. केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. दक्षिण सोलापुरात १३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, म्हणजे कोळसा, पाणी आणि राख तिन्हींचा अभ्यास दारात. या वस्त्यांत सर्वे करायचा तर प्रश्नावली मराठीत छापून भागत नाही, एका घरी तेलुगू, पुढच्या घरी कन्नड, पलीकडे उर्दू. भाषा येणारा गटमित्र इथं मीटरपेक्षा कामाचा ठरतो.

हा विषय आला कुठून

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली, आणि त्याच वर्षी आपल्याकडं मोठा दुष्काळ पडून लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून बघतो. १९७४ ला दिल्लीच्या जेएनयूमध्ये पर्यावरण विज्ञानाचं स्वतंत्र स्कूल सुरू झालं. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेनं पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीयच असावं असं स्पष्ट म्हटलं. भारतात वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ ला पर्यावरण हा विषय शिकवायचे आदेश दिले, २००३ ला पुन्हा बजावलं आणि मग यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सक्तीचा पेपर सगळ्या पदवीवर्गांना आला. त्याचं पुस्तक पुण्याच्या एरक भरुचांनी लिहिलं. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ चं, आधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आता नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. केगावच्या कॅम्पसवर भूशास्त्र संकुलात पर्यावरणशास्त्राची एमएस्सी आहे, शेजारीच उपयोजित भूशास्त्र आणि जिओइन्फॉर्मेटिक्स, त्यामुळं जमिनीखालचं पाणी आणि सॅटेलाइटचा नकाशा दोन्ही एका छताखाली येतात.

कुठं कमी पडतं

सक्तीचा पेपर आणि ही पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक एकच समजतात. त्या पेपरात फील्डवर्कला मार्क आहेत, आणि आमच्या कॉलेजात अर्ध्या वर्गानं मागच्या वर्षीची फाइल उतरवून दिली होती, तलावाचं नावसुद्धा न बदलता. पदवीवर दुसरा आक्षेप असतो की सगळं थोडं थोडं येतं आणि धड काहीच येत नाही. यात तथ्य आहे. माझं मत असं की प्रत्येकानं एक तरी पद्धत हाताला बसेपर्यंत करावी, पाण्याचं परीक्षण म्हणा, जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशाचं काम म्हणा, नाहीतर घरोघरचा सर्वे, आणि बाकीच्या विषयांत किमान समोरच्याचं म्हणणं कळेल एवढं यावं. नोकऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळात निघतात पण थोड्या, बाकी कारखान्यांचे ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प), तपासणी लॅब, पर्यावरण परिणाम मूल्यांकन करणाऱ्या कन्सल्टन्सी, संस्था, आणि नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन शिकवणं.

फील्डला जायचा काळ बहुतेक ठिकाणी हिवाळा धरतात, ऊन सोसत नाही म्हणून. उजनीला मात्र मे महिन्यात पण एकदा न्यायला पाहिजे. पाणी खाली गेलं की इंदापूर बाजूला पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, आणि ज्यांची गावं या धरणाखाली गेली त्या घरांतली म्हातारी माणसं आपलं जुनं गाव कुठं होतं ते हात करून दाखवतात. डीओची बाटली भरून झाल्यावर वही उघडून त्यांच्यापाशी बसायचं.