माय लाय २० महिने लपून राहिले

व्हिएतनाम युद्धातील अत्याचार पत्रकारांनी तेव्हाच्या तेव्हा जगापुढे मांडले, हा समज अजूनही फिरतो. माय लायच्या बाबतीत तो खोटा आहे.

१६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी सोन मी गावाच्या माय लाय आणि शेजारच्या वस्त्यांत बायका, मुले, म्हातारे यांना गोळ्या घातल्या. तिथल्या स्मारकावर ५०४ नावे आहेत. अमेरिकेत मात्र दुसऱ्या दिवशी १२८ शत्रुसैनिक मारल्याची बातमी छापून आली, ती लष्कराने दिली तशीच. इतके ‘शत्रू’ मेले आणि बंदुका सापडल्या जेमतेम तीन, हे कोणाला खटकले नाही, याचा मला आजही संताप येतो. ह्यू थॉम्सन या वैमानिकाने सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवून काहींचे प्राण वाचवले, वरिष्ठांकडे तक्रारही केली. ती दडपली गेली.

हे हत्याकांड उघड करणारी पत्रकार सेमूर हर्श यांची बातमी आली नोव्हेंबर १९६९मध्ये. त्याआधी नामांकित मासिकांनी ती नाकारली होती. शेवटी एका लहानशा वृत्तसंस्थेमार्फत ती छापली गेली.

दोषी ठरला एकटा लेफ्टनंट विल्यम कॅली. जन्मठेप झाली, पण साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक नजरकैदेत, भोगून तो सुटला. युद्ध हवे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा. त्याच सकाळी शेजारच्या माय खे वस्तीतही हत्या झाल्या. त्यांबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही, आणि ते नाव आजही फारसे कोणी घेत नाही.