पेशंटच्या हातांकडे लक्ष जायला इतका वेळ का लागला?

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतज्वराने इतक्या बायका दगावत की, तिथे नका टाकू म्हणून त्या गयावया करत. मार्च १८४७ मध्ये तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे स्नेही कोलेट्श्का वारले. शवविच्छेदनात एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागल्याचं निमित्त झालं आणि लक्षणं हुबेहूब बाळंतिणींसारखी दिसली. मुडदे चिरून तसेच प्रसूतीच्या खोलीत येणारे हातच हा रोग नेतात, हे सेमेलवाइसनी तिथे ओळखलं. मे महिन्यात क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती झाली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी बड्या डॉक्टरांना आपल्याच हातांवरचा ठपका रुचला नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारले.

पुढे सगळी नजर डॉक्टर-नर्सच्या हातांवरच राहिली. १९९० च्या दशकात जिनिव्हात डॉक्टर दिदिए पित्ते यांनी बेसिनपर्यंतची फेरी वाचवून हातांना चोळायच्या अल्कोहोलची बाटली खाटेशेजारी आणली. २००९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतले हात स्वच्छ करायचे 'पाच क्षण' आता वॉर्डावॉर्डांत भिंतीवर दिसतात. पण ते पाचही क्षण उपचार करणाऱ्याचे. खाटेवरचा माणूस त्या चित्रात नुसता पडलेला!

त्याचे हात मात्र स्वस्थ नसतात. कठडा, बेल, मोबाइल, जखमेची पट्टी, सगळीकडे फिरतात. २०१६ मध्ये मिशिगनमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयातून पुढच्या शुश्रूषेसाठी हलवलेल्या पेशंटांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या हातांवर औषधांना दाद न देणारे जंतू निघाले.

आपल्याकडे तर जेवण हातानेच. एका हाताला सलाइन, घरून आलेला डबा पोटाशी, आणि सॅनिटायझर लटकतोय खाटेच्या पायथ्याशी, म्हणजे राउंडला येणाऱ्यांच्या सोयीने. शिवाय जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. ते हातावरून साबण-पाण्यानेच धुऊन काढावे लागतात. म्हणजे बेडपॅन उचलल्यावर मावशींनी नाहीतर नातेवाइकाने तसराळं, पाण्याचा मग आणि साबण घेऊन खाटेपाशी परत यायचं.