सर्व्हिसेसचं झाड आलं कुठून?

समजा, जळगावात केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलं जातंय. मुख्य ऑफिस जळगावला, शाखा सावदा आणि रावेरला. रोजचा भाव सगळ्यांना एकच, वजनकाटा ज्याचा त्याचा. रावेरच्या बिलाला काटा लागला की तो शाखेतच सापडतो. भाव शाखेत नसतो, म्हणून मागणी वर जळगावला जाते. तिथेही नाही मिळाला, तर एरर. डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे कोडच्या तुकड्याला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून पुरवणं; या वस्तू म्हणजे सर्व्हिसेस. त्याच्या लायब्ररीत सर्व्हिस अशीच, शाखांच्या झाडात शोधली जाते: खालून वर. वरचा खालच्याकडे कधीच मागत नाही.

आपल्याकडच्या पोरांची या झाडाशी ओळख बहुधा अँग्युलर ही वेब ॲप बनवायची चौकट शिकताना होते, म्हणून ते तिथलंच वाटतं. ते त्याहून जुनं, जावाच्या काळातलं आहे. 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हे नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ च्या लेखाने रूढ केलं. पिकोकंटेनर आणि स्प्रिंग या जावाच्या लायब्रऱ्यांवर त्याआधीच काम चालू होतं. स्प्रिंग १.० आलं मार्च २००४ मध्ये. स्प्रिंगच्या वेब प्रकल्पात डेटाबेस आणि धंद्याचे नियम वरच्या, रूट कॉन्टेक्स्टमध्ये (कॉन्टेक्स्ट म्हणजे सर्व्हिसेसचा एक कप्पा) ठेवायचे आणि प्रत्येक सर्व्हलेटला, म्हणजे वेबवरच्या मागण्या हाताळणाऱ्या भागाला, खाली स्वतःचा कॉन्टेक्स्ट द्यायचा, अशी रीत पडली. खालच्याला वरचं सगळं दिसे, वरच्याला खालचं काहीच नाही. ट्रान्झॅक्शनची (डेटाबेसमधले बदल एकतर सगळे होतील नाहीतर एकही नाही, या हमीची) सेटिंग एका कॉन्टेक्स्टमध्ये आणि क्लास दुसऱ्यात असला, तर ट्रान्झॅक्शन लागतच नसे, आणि एररही येत नसे!

मधे २०१० च्या अँग्युलरजेएसने, म्हणजे अँग्युलरच्या आधीच्या अवताराने, ॲपला एकच सपाट इंजेक्टर (सर्व्हिस पुरवणारा भाग) दिला. २०१६ च्या अँग्युलर २ मध्ये झाड परतलं, तेही कंपोनंटांच्या, म्हणजे पडद्यावरच्या भागांच्या, झाडाला चिकटून. 'सेल्फ', 'स्किपसेल्फ', 'होस्ट' ही डेकोरेटर (कोडवर लावायच्या खुणा) त्यासाठीच: स्वतःपाशीच बघ, स्वतःला सोडून वर बघ, होस्ट कंपोनंटपाशी थांब.

माझ्या मते झाड टिकलं ते टापटिपीसाठी नाही, आयुष्याच्या हिशेबासाठी. सिंगलटन, म्हणजे एकदाच बनणारी सर्व्हिस, ॲपभर जगतो; स्कोप्ड, म्हणजे एका कप्प्यापुरती (स्कोपपुरती) सर्व्हिस, वेब ॲपमध्ये सहसा एका रिक्वेस्टपुरती. जळगावच्या सिंगलटनने रावेरचा काटा एकदा धरून ठेवला, की सावद्याच्या बिलावरही रावेरचंच वजन येणार. ही चूक इतकी नेहमीची, की मायक्रोसॉफ्टची वेब चौकट एएसपी डॉट नेट कोअर डेव्हलपमेंट मोडमध्ये असा सिंगलटन दिसला की सरळ एक्सेप्शन फेकतं. मात्र तिथल्या अंगभूत कंटेनरमध्ये (सर्व्हिसेस बनवून सांभाळणाऱ्या भागात) स्कोपच्या आत उघडलेला स्कोप त्याचं मूल ठरत नाही, भावंड ठरतो; खोल झाड हवं असेल तर ऑटोफॅकसारखी लायब्ररी घ्यावी लागते.

अलीकडच्या लायब्रऱ्यांत हे झाड डोळ्यांनी बघायचीही सोय असते. गो भाषेतल्या 'डू' लायब्ररीत कुठल्या स्कोपमध्ये कोणत्या सर्व्हिसेस नोंदल्यात, ते झाडाच्या रूपात छापून मिळतं. रावेरचा काटा चुकून जळगावच्या स्कोपमध्ये नोंदला गेला असेल, तर तो तिथे लगेच दिसतो.