दौलतपूर–साटुरिया घूर्णवाती वादळ

बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात 26 एप्रिल 1989 रोजी संध्याकाळी झालेले टोर्नेडो प्रकारचे वादळ. एकाच टोर्नेडोत झालेली सर्वाधिक मनुष्यहानी म्हणून जागतिक हवामान संघटनेने त्याची नोंद केली आहे. मृतांचा अंदाज सुमारे 1,300; दौलतपूर व साटुरिया या भागांची सर्वांत जास्त हानी झाली.

मराठी वृत्तपत्रे टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात, हे टाळावे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडो हा गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरलेला, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ होय. तो बहुधा काही मिनिटांतच विरतो. त्यासाठी ‘घूर्णवाती वादळ’ ही शास्त्रीय लेखनातील संज्ञा अधिक नेमकी वाटते. मात्र बंगालीत ‘घूर्णिझड’ म्हणजे चक्रीवादळ, त्यामुळे बांगलादेशी साधने वाचताना घोटाळा होऊ शकतो. मार्च ते मे या काळातील वळिवाच्या वादळांना तिकडे ‘कालवैशाखी’ म्हणतात आणि टोर्नेडो त्यांच्यातूनच उद्भवतात. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा, वायव्येकडील कोरडी उष्ण हवा आणि उंचावरील वेगवान पश्चिमी वारे येथे एकत्र येतात, हे कारण सर्वसाधारणपणे मान्य आहे.

बळींच्या आकड्याबाबत सावधगिरी हवी. कालवैशाखीतील इतर बळी आणि टोर्नेडोचे बळी जुन्या नोंदींत वेगळे काढणे अवघड असते. म्हणून 1,300 ही संख्या मोजदाद नसून अंदाज समजणे इष्ट. तरीही अमेरिकेतील सर्वांत घातक टोर्नेडोच्या (18 मार्च 1925, 695 मृत्यू) तुलनेत हे अंतर इतके मोठे आहे की, दौलतपूर–साटुरियाचा क्रम त्यामुळे बदलण्याचा संभव कमी.

वादळाची तीव्रता ठरवणे त्याहून कठीण. 1971 मध्ये मांडलेली, टोर्नेडोंचे तीव्रतेनुसार वर्ग पाडणारी फुजिता श्रेणी वाऱ्याचा वेग मोजत नाही. पडझडीवरून तो अनुमानते आणि त्यासाठी पक्क्या बांधकामाची साक्ष लागते. बांबू, गवत आणि पत्र्याची घरे मध्यम वाऱ्यातही भुईसपाट होतात, त्यामुळे त्यांच्या अवशेषांवरून वरचा वर्ग सिद्ध होत नाही. गावेच्या गावे नष्ट झाली म्हणून वारा जगातील सर्वांत प्रचंड होता, असे म्हणणे घाईचे ठरेल. माणसे इतकी का मेली, याचे उत्तर वाऱ्यापेक्षा त्या घरांत, दाट वस्तीत आणि पूर्वसूचनेच्या अभावात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. उडालेले पत्रे धारदार पात्यासारखे लागतात. अशा वादळांतील अनेक जखमा त्यांच्याच असतात. पूर्वसूचनाही पुरेशी ठरतेच असे नाही: अमेरिकेतील जॉप्लिन शहराला 22 मे 2011 रोजी टोर्नेडो जमिनीला टेकण्यापूर्वी तिच्यामुळे पाव तासाहून थोडा अधिक अवधी मिळाला होता. तरीही तेथे सुमारे 160 जण दगावले.

बांगलादेशाने किनाऱ्यावर चक्रीवादळ-निवारे आणि स्वयंसेवकांचे जाळे उभारले आहे, पण ते दिवसभर आधी कळणाऱ्या संकटासाठी. माणिकगंजसारख्या अंतर्भागातील गावांना त्याचा आधार नव्हता. 13 मे 1996 रोजी शेजारच्या टांगाइल भागात पुन्हा टोर्नेडो झाला आणि त्यात सुमारे 700 माणसे मेली.