सरखेल: आंग्र्यांच्या घराण्यातला किताब

कोकणात ‘सरखेल’ म्हटलं की कान्होजी आंग्रेच डोळ्यासमोर येतात. पण हा फारसी वळणाचा किताब मुळात समुद्रावरचा नाही. ‘सर’ म्हणजे प्रमुख, ‘खेल’ म्हणजे घोडेस्वारांची टोळी. दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेत दहा स्वारांवरचा नायक तो सरखेल. बडोद्याच्या गायकवाडांच्या ‘सेनाखासखेल’मधला खेलही हाच.

मराठी आरमारात राजारामांच्या काळात सिद्धोजी गुजर सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. १६९८ साली ते वारले आणि धुरा कान्होजींकडे आली. गुजरांकडून आंग्र्यांकडे, म्हणजे तोवर ते पदच होतं. कर्तबगारी बघून दिलेलं. पुढे ताराबाईंच्या बाजूने लढताना कान्होजींनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी केली, कान्होजी शाहूंकडे आले आणि सरखेली त्यांच्याकडेच राहिली. तिचा दरारा किनाऱ्यावर दिसायचा तो दस्तकात, म्हणजे जहाजांना दिलेल्या परवान्यात. आंग्र्यांचं दस्तक जवळ नसेल, तर त्यांची लढाऊ गुराबं आणि गलबतं व्यापारी जहाजाला आडवी जात, मग ते इंग्रजांचं असो की पोर्तुगिजांचं.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि किताब थोरल्या मुलाला, सेखोजींना मिळाला. आता तो घरचा झाला, आणि माझ्या मते घात इथेच झाला. १७३३ मध्ये सेखोजी वारल्यावर संभाजी आणि मानाजी या भावांत वाद पेटला. बाजीरावांनी १७३५ मध्ये वाटणी करून दिली: सरखेली आणि विजयदुर्ग संभाजींना, अलिबागचा कुलाबा मानाजींना. मानाजींचा मान राहावा म्हणून त्यांना ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब. अर्थ साधारण ‘वजिरीचं आश्रयस्थान’. भावांचं समाधान होईलही, पण एका आरमाराची दोन आरमारं झाली. जंजिऱ्याचा सिद्दी आणि मुंबईकर इंग्रज समोर असताना ही फूट फार महागात पडली.

संभाजींनंतर सरखेल झालेले त्यांचे भाऊ तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. अखेर १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. बंदरात नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले. पुढे विजयदुर्गी पेशव्यांचं आरमार सांभाळलं ते धुळप घराण्याने, ‘आरमाराचे सुभेदार’ म्हणून. कुलाब्याची गादी मात्र टिकली. थेट वारस उरला नाही तेव्हा, १८४० मध्ये, कंपनीने ती खालसा केली.